ऐकलेलं अर्धं वाक्य

तो हसला, ते तिच्या वहीकडे बघून. आणि तिची वही तर कुणाला वाचता येण्यासारखी नव्हती.

ती कोर्टात स्टेनो होती. नऊ वर्षं साक्षीदारांचं बोलणं उतरवून घेत होती. सकाळी आठ चाळीसच्या गाडीत पस्तीस मिनिटं मिळायची, तेव्हाही तिची पेन्सिल थांबायची नाही. आजूबाजूला कुणी काय बोललं ते ती शॉर्टहँडमध्ये टिपत राहायची. हात चालू राहतो, असं ती वहिनीला सांगायची. खरं म्हणजे तिला ते बोलणं आवडायचं. कोर्टात लोक मोजून बोलतात, गाडीत सांडून बोलतात.

त्या दिवशी समोरचा विद्यार्थी फोनवर कुणाला तरी ठणकावत होता, "मला तुझी पर्वा नाही." तिनं ते उतरवलं, आणि शेजारचा माणूस हसला.

"माफ करा," तो म्हणाला, "पण तुम्ही ‘परवा’ लिहिलंय. टिंब राहिलं. उद्या वाचाल तर त्याची परवाची भेट रद्द झाली असं वाटेल."

तिनं वही मिटली. "तुम्हाला हे वाचता येतं?"

"मी हेच शिकवतो. स्टेशनाजवळ क्लास आहे माझा. नऊ विद्यार्थी, त्यातले चार झोपलेले."

"दुसऱ्याच्या वहीत बघायचं हेही शिकवता का?"

"नाही," तो म्हणाला. "ते मी स्वतःहून शिकलो."

बाहेर भुरभुर पाऊस होता. काचेवरून थेंब तिरके पळत होते. तिनं काचेकडे तोंड फिरवलं, कारण तिला हसू येत होतं.

दुसऱ्या दिवशी तो त्याच बाकावर होता. तिसऱ्या दिवशी त्यानं शेजारी पिशवी ठेवून जागा धरली होती. तिला तो स्टेनोबाई म्हणायचा, ती त्याला सर. मग दोघं मिळून ऐकायला लागले. दोन बहिणी भांडत होत्या, वडिलांना कुणी ठेवून घ्यायचं यावर... नीट ऐकल्यावर कळलं की दोघींनाही ते आपल्याकडेच हवे होते. एक शिंपी रोज एका नवरदेवाला फोनवर सांगायचा, "फक्त बटणं राहिलीत." तीन आठवडे बटणंच राहिली होती.

"हा कधी देणार कपडे?" तो कुजबुजायचा.

"नवरदेवाला मुलं झाल्यावर," ती लिहिता लिहिता म्हणायची.

इतरांबद्दल ते पुष्कळ बोलले. स्वतःबद्दल फारसं नाही. तरी तिला कळलं होतं की त्याच्या शर्टाच्या डाव्या बाहीला कायम खडू असतो, आणि ती वाकून लिहायला लागली की तो तिच्या उजेडातून बाजूला सरकून बसतो.

दोन महिन्यांनी एका मंगळवारी ती डब्यात चढली तेव्हा तो पाठमोरा दाराशी उभा होता. फोन कानाला.

"हो ताई, ठरलं. महिनाअखेरीला क्लास बंद. तिकडेच येतो, भाऊजींच्या ऑफिसात." मग तो पलीकडचं ऐकत राहिला. "नाही गं. इथं अडवणारं कुणी नाही."

ती मागच्या डब्यात गेली. बसल्यावर तिनं पाहिलं, ते वाक्य वहीत उतरलेलं होतं. हातानं आपोआप काम केलं होतं. टिंबांसकट.

त्यानंतर आठ दिवस ती नऊ दहाची गाडी धरत होती. कोर्टात उशीर व्हायचा. शिरस्तेदार घड्याळाकडे बघायचे, बोलायचे नाहीत. घरी वहिनीनं मात्र विचारलं. कपड्यांच्या घड्या घालता घालता तिनं सगळं सांगितलं, एखादी साक्ष वाचून दाखवावी तसं, आवाज न बदलता.

"आणि पलीकडून ताईनं काय विचारलं होतं?" वहिनी म्हणाली.

"ते कसं ऐकू येणार?"

"म्हणजे प्रश्न माहीत नाही, नुसतं उत्तर घेऊन बसलीस. तुमच्या कोर्टात चालतं का असं?"

एकाच उशीच्या खोळीची तिनं तीनदा घडी घातली.

दुसऱ्या दिवशी ती आठ चाळीसला चढली. तो होता. शेजारी पिशवीही होती. त्यानं ती उचलून मांडीवर घेतली. "बरं नव्हतं का?" एवढंच विचारलं.

"त्या दिवशी तुमचा फोन ऐकला मी," ती म्हणाली. "ताईंनी काय विचारलं होतं?"

तो बराच वेळ पिशवीचा बंद गुंडाळत राहिला.

"तिनं विचारलं, तिथं तुला अडवणारं कुणी आहे का."

"आणि तुम्ही नाही म्हणालात."

"खरं तेच सांगितलं. कुणी अडवलं नव्हतं मला. तुम्हाला कसं विचारणार होतो... तुम्ही माझ्यापेक्षा त्या शिंप्याबद्दल जास्त विचारायचात."

"शिंप्याबद्दल विचारणं सोपं असतं."

"तेही खरंच."

गाडी पुलावर आली. खडखडाट एवढा झाला की बोलणं शक्य नव्हतं. ती थांबली. पूल संपल्यावर तिनं पेन्सिल पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

"मग मी अडवते," ती म्हणाली. "क्लास चालेल की नाही मला माहीत नाही. दुसरं काम शोधा, मीही शोधते. पण इथंच शोधा. मला तुम्ही हवे आहात."

समोरच्या बाकावर कॉलेजच्या दोन मुली होत्या. एकीनं हळूच कानातला इयरफोन काढला. दुसरी पुस्तकाचं पान उलटायचं विसरली होती. स्टेनोबाईला ते दिसलं. आपलं बोलणं कुणीतरी ऐकतंय हे तिला लगेच कळलं.

"पुन्हा म्हणा," तो म्हणाला. "पुलाचा आवाज अजून कानात आहे."

तिनं पुन्हा सांगितलं. आवाज मुळीच कमी केला नाही.