नात्याचा रकाना

"मालकांना बोलवा," तो म्हणाला.

"मालक मीच," ती म्हणाली.

"थट्टा नको हो. सकाळचे सात वाजलेत, माझ्या ट्रकमध्ये सहा लाद्या तडकलेल्या निघाल्यात आणि तिकडे गोदामात चार टन मासळी खोळंबलीय. तुमच्या वडिलांना बोलवा, मी त्यांच्याशीच बोलतो."

बर्फाच्या कारखान्याच्या फाटकात क्षणभर कुणीच हललं नाही. लादी कापणारी करवत थांबली. मिस्त्रीकाका तिच्या जन्माच्या आधीपासून तिथे कामाला होते. त्यांनी मान खाली घातली.

"ते नाहीत," ती म्हणाली. "काल पंधरा दिवस झाले."

त्याचा चेहरा असा उतरला, की तिलाच त्याची दया आली. मासळीच्या गोदामात व्यवस्थापक म्हणून तो चारच दिवसांपूर्वी रुजू झाला होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो तडकलेल्या लाद्यांकडे बघत पुटपुटला, "चालतील या. तशाही फोडायच्याच आहेत..."

"चालतील कशा? बदलून देते. बाबांनीही बदलूनच दिल्या असत्या — आणि वर तुम्हाला चार शब्द सुनावले असते."

"मग तेही तुम्हीच सुनावा. मला लागू आहेत."

पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिला हसू आलं. आणि आल्याबरोबर चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून तो ट्रकबरोबर रोज स्वतः येऊ लागला.

"मॅनेजरला ट्रकात बसून यायचं काय कारण?" मिस्त्रीकाका विचारत. "आधीचा चार वर्षांत एकदा फिरकला नाही."

"त्यांना बर्फ नीट बघून घ्यायचा असतो, काका."

"हो, हो. बर्फच."

गोठवणीच्या हौदाजवळ आला, की गार वाफेने त्याच्या चष्म्याच्या काचा पांढऱ्याफटक होत. तो चष्मा काढून पुसायला लागे आणि तेवढ्या वेळात त्याला समोरचं काही म्हणजे काही दिसत नसे. ती त्याच्याकडे बघायची ती नेमकी तेव्हाच... उन्हाळा गेला, पाऊस गेला, तरी हे तिने कुणाला सांगितलं नाही.

साडेचार वर्षांपूर्वी तिने एमबीएच्या प्रवेशाची परीक्षा दिली होती. बाबा केंद्राबाहेर चार तास उभे होते, आणि ती बाहेर आल्यावर पेपर कसा गेला हे न विचारता "भूक लागली का?" एवढंच त्यांनी विचारलं होतं. गुण घसघशीत मिळाले. मोठमोठ्या बिझनेस स्कूलांचे फॉर्म बापलेकींनी टेबलावर पसरून वाचले. मग बाबांचं दुखणं निघालं आणि फॉर्म खणात गेले. गुणांची मुदत मात्र पाचच वर्षांची. या हिवाळ्यात अर्ज गेला नाही, तर ते गुण रद्दी. आणि पुन्हा परीक्षेला बसण्याइतकं मन तिच्यात उरलं नव्हतं.

"तू भर अर्ज," आई म्हणाली. "कारखाना मी आणि काका बघू. वीस वर्षं ऑर्डरी मीच घेतल्यात ना? तुझ्या बाबांचं एवढं एकच राहून गेलंय."

अर्जाला दोन शिफारसपत्रं लागत. एक कॉलेजातल्या सरांनी दिलं. दुसरं हवं होतं ते तिचं काम जवळून पाहिलेल्या माणसाचं. घरचं माणूस चालत नव्हतं, हाताखालचं शोभलं नसतं. उरलं गिऱ्हाईक.

"मी?" तो म्हणाला.

"तुम्ही आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. शिवाय सगळ्यात किरकिरं."

"हेही लिहू पत्रात?"

"तिथे नुसतं हुशार आहे, मेहनती आहे असं चालत नाही. प्रसंग लागतात."

"मग सांगा प्रसंग."

आणि रोज सकाळी, ट्रक भरेपर्यंत, तो बर्फाच्या एका रिकाम्या डब्यावर बसून वहीत लिहू लागला. ती शेजारच्या डब्यावर.

"नेतृत्व?"

"पंप बंद पडला होता, तेव्हा सगळ्यांना धरून चौदा तास..."

"ते झालं. दडपणाखाली वागणूक?"

"तुम्ही रोज येताच की."

"बरं... इथे एक तक्ता आहे. पहिल्या पाच टक्क्यांत, पहिल्या दहा टक्क्यांत, असं. रागाच्या बाबतीत तुम्हाला कुठे बसवू, मालकीणबाई?"

"पहिल्या एक टक्क्यात."

"तसा रकाना नाही."

"मग आखा की. पट्टी देऊ?"

तो हसला, की डोळे आधी हसायचे. माणूस वाईट नाही, असं तिने स्वतःला बजावलं. एवढंच बजावून ती थांबली.

एका सकाळी त्याने विचारलं, "अपयशाचा एखादा प्रसंग? आणि त्यात अर्जदार कशी वागली?"

ती बोलायला लागली, तेव्हा तिचाच आवाज तिला परका वाटला.

"बाबा हॉस्पिटलात होते. काका म्हणत होते, अमोनियाचा एक व्हॉल्व्ह बदलायला झालाय. मी म्हणायची — उद्या. त्या दिवसांत माझं सगळंच 'उद्या' होतं. एका सकाळी वायू सुटला. माणसं पळत बाहेर आली म्हणून वाचली. दोघांचे डोळे दिवसभर जळत होते. सुरक्षा खात्याच्या निरीक्षकबाई आल्या आणि त्यांनी कारखान्याला सील ठोकलं. अकरा दिवस."

"मग?"

"बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, आज किती लाद्या गेल्या? मी सांगायची, एकशे चाळीस. एकशे पंचावन्न. एकही जात नव्हती... एकदा मी एकशे साठ म्हटलं. 'अरे वा, भर हिवाळ्यात एकशे साठ!' म्हणाले, आणि माझा हात थोपटला. नवव्या दिवशी ते गेले. त्यांनी ओळखलं होतं की नाही, ते आता मला कधीच कळायचं नाही."

त्याने यातलं काहीच लिहून घेतलं नाही. पेनला टोपण लावलं.

"हे निबंधात लिहा."

"खोटं बोलल्याचं?"

"सगळंच. तुम्ही मला वाचायला दिलेला निबंध अगदी गुळगुळीत आहे. त्यात कारखाना आहे, आकडे आहेत, तुम्ही कुठेच नाही."

"मला कुणाच्या दयेवर मिळालेलं नकोय."

"दया कोण दाखवतंय?" तो म्हणाला. इतक्या हळू, की बोलला की नाही अशी शंका यावी.

अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती. सोमवारी तो आला तो डब्यावर बसलाच नाही.

"पत्र मला नाही लिहिता येणार."

"म्हणजे?"

"त्या निरीक्षकबाईंकडे जा. त्यांनी तुम्हाला पडताना पाहिलंय, उठतानाही पाहिलंय. त्यांच्या शब्दाला वजन येईल."

"आणि तुम्ही काय पाहिलंत?"

तो जमिनीकडे बघत राहिला.

"समजलं," ती म्हणाली. "मरणाऱ्या बापाशी खोटं बोलणारीच्या शिफारशीखाली सही कशी करायची, हेच ना?"

"तसं नाही हो —"

"मग कसं?"

तो वळून ट्रकमध्ये जाऊन बसला. दुसऱ्या दिवसापासून ट्रकबरोबर फक्त ड्रायव्हर येऊ लागला, आणि मिस्त्रीकाकांनी त्यावर एकही टोमणा मारला नाही.

मुदत जवळ आली होती; ती निरीक्षकबाईंच्या ऑफिसात गेली. बाईंनी चष्म्यावरून तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मी सील ठोकलं, की लोक माझ्याकडे रडायला येतात, नाहीतर भांडायला. शिफारस मागायला आलेली तू पहिलीच."

"चुकलं असेल तर जाते."

"बस खाली. सील ठोकल्याच्या दुसऱ्या दिवशी तू इथेच येऊन कारखान्यातल्या एकूणएक व्हॉल्व्हची तपासणी मागितली होतीस. डोळे सुजलेले होते, पण सवलत मागितली नाहीस. लिहिते मी."

निबंध तिने त्याच आठवड्यात फाडून नव्याने लिहिला. रागाच्या भरात लिहिला, म्हणून खरा उतरला. व्हॉल्व्ह, सील, एकशे साठ — काही लपवलं नाही. पुढे मुलाखत झाली. तिघा परीक्षकांनी अर्ध्याहून जास्त वेळ त्या व्हॉल्व्हबद्दलच विचारलं, आणि तिला एकदाही शब्द शोधावा लागला नाही.

प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं तेव्हा थंडी सरत आली होती. आईने ते दोनदा वाचलं, चष्मा मिटला, "त्यांना सांगायला हवं होतं गं," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. आतला नळ बराच वेळ वाहत राहिला.

ती आभार मानायला निरीक्षकबाईंकडे गेली. बाई खुशीत होत्या.

"अगं, पत्र परवडलं, पण तो फॉर्म! पहिलाच रकाना काय, तर अर्जदाराशी कामापलीकडे तुमचं काही वैयक्तिक नातं आहे का? हो की नाही? आणि खाली सही — लिहिलेलं सगळं खरं आहे म्हणून. मी आपली 'नाही'वर खूण केली. आज विचारलं तर मात्र विचार करावा लागेल हो!"

बाई मोठ्याने हसल्या. ती हसली नाही. पर्स उचलून ती उठली तेव्हा बाईंचं वाक्यही पुरं झालं नव्हतं.

गोदाम वीस मिनिटांवर होतं. दुपारची वेळ; माल उतरून झाला होता. त्याच्या खोलीचं दार उघडं होतं, आणि आत तो खोक्यांवर चिकटपट्टी लावत होता.

"हे काय?"

"बदली," तो म्हणाला. तिला समोर बघून त्याच्या हातातली पट्टी त्याच्याच बोटांना चिकटली. "मागून घेतली. दूरच्या बंदरावर, तीन वर्षांसाठी. रविवारी निघतोय."

"पहिल्या रकान्यात काय लिहिलं होतंत?"

कुठला रकाना, असं त्याने विचारलं नाही.

"तीनदा 'नाही'वर खूण केली. तीनदा पुसली."

"मग 'हो'वर करायची."

"मग त्या पत्राला कोण विचारतं? तुमचा अर्ज तिथेच बसला असता."

"आणि मला? मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही अर्ज भरला असता?"

खरं उत्तर तिला ठाऊक होतं. त्यालाही.

"चार महिने," ती म्हणाली. आवाज चढू न देता बोलायचं, तर तिला श्वास धरावा लागत होता. "चार महिने मी समजतेय, की तुम्हाला माझी किळस आली."

"किळस?" तो खाली बसला. "त्या सकाळी तुम्ही ते सांगितलंत, तेव्हाच तर माझं... आधी होतंच. त्या सकाळी पक्कं झालं."

"आणि गप्प राहिलात."

"तुम्हाला जाता यावं म्हणून."

"मीही तेच केलं होतं," ती हळूच म्हणाली. "बाबांना निवांत जाता यावं म्हणून. मला वाटायचं, ही मायाच. आज कळतंय — जाणाऱ्याला काय वाटतं, हे विचारायचं असतं. मी नाही विचारलं. तुम्हीही नाही."

शीतगृहाच्या यंत्राची घरघर भिंतीतून ऐकू येत होती. तो माफी मागेल असं तिला वाटलं. त्याने मागितली नाही, आणि ते तिला बरं वाटलं. मागितली असती तर ती द्यावी लागली असती.

"मग आता विचारतो," तो म्हणाला. "काय करायचं?"

"मी जाणार."

"हो."

"तुम्हीही. मागून घेतलेली बदली परत नाही करता येत."

"नाही येत."

"आणि वाट बघा, असं मी म्हणणार नाही. दोन वर्षांनी मी कोण असेन, मला ठाऊक नाही. उगाच शब्द दिला, तर तोही एक खोटा आकडाच."

त्याने मान हलवली. चष्मा काढून हातात घेतला. इथे वाफ नव्हती, तरी.

"पण एकदा नीट सांग," ती म्हणाली. 'तुम्ही'वरून 'तू'वर ती कधी आली, तिलाही कळलं नाही. "सही केल्यासारखं."

"मला तू हवी आहेस," तो म्हणाला. "आणि तू जायला हवंस. दोन्ही खरं आहे. एकाने दुसरं खोडलं जात नाही... मी खूप करून पाहिलं."

ती त्या बांधलेल्या खोक्यांपैकी एकावर बसली. तो तिच्याशेजारी आला. खोकं दोघांच्या भाराने जरा दबलं आणि दोघांचे खांदे टेकले. कुणीच बाजूला सरकलं नाही. आज गुरुवार होता. शुक्रवार होता, शनिवार होता, आणि मग रविवार होता.

बाहेर ट्रकवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला.

"तुला बोलावतायत," ती म्हणाली.

"बोलावू दे," तो म्हणाला.