मका मात्र उभाच

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधु बिरादारांनी शाळेसमोर स्कूटी लावली आणि हेल्मेट काढायचं विसरून तशाच उभ्या राहिल्या. शाळेची परसबाग आडवी झाली होती.

मेथीचे वाफे तुडवलेले. वांगी, मिरच्या, गवार मुळासकट उपटून पडलेली. दोडक्याचा मांडव जमिनीवर आणि बांबूचं फाटक एका बाजूला लोंबकळत होतं. कुंपणाच्या कडेला पोरांनी लावलेली मक्याची ओळ तेवढी वाऱ्यावर डुलत होती.

सोनचिंचोली हे देवणीकडचं लहानसं गाव. चौथीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा आणि सिंधुबाई तिच्या मुख्याध्यापिका. पट घसरला तशी शाळा बंद करायची भाषा वरून सुरू झाली, तेव्हा बाईंनी हट्टाने ही बाग उभी केली. गणित वाफ्यांत, विज्ञान गांडूळखतात. इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीतून देवणीला जाणारी काही पोरं त्यामुळे परत आली. पण कुंपण, पाणी, बी-बियाणं पदरमोड करून किती दिवस चालणार? म्हणून लातूरच्या एका ट्रस्टकडे त्यांनी अनुदान मागितलं होतं. अर्ज स्वतः लिहिला, परत आला, पुन्हा लिहिला. त्या ट्रस्टच्या बाई बाग बघायला आजच येणार होत्या. अनुदान हुकलं तर शाळेचंही आटोपल्यातच जमा होतं.

अर्धं गाव बागेत गोळा झालं होतं. शाळा समितीचे अध्यक्ष अमृतराव हातवारे करत होते.

"शेषेरावाचा बैल, मॅडम! दुसरं कोण? काल मिरवणुकीत फटाके वाजले अन् त्याचा बैल कासरा तोडून हिकडंच पळाला. समद्यांनी बघितलं."

"बागेत शिरताना कुणी बघितलं?"

"आम्ही ओढ्याकडं धावलो. पण ह्या जागेवरून त्याचं अन् शाळेचं भांडण हायच की. बैल सुटला का सोडला, देव जाणे! आज भरपाई घेतल्याबिगर सोडत न्हाई त्याला."

शेषेराव शाळेचा शेजारी. बागेची कडेची पट्टी आपल्या बांधातली आहे, असं तो वर्षभर सांगत आला होता. त्याची नात मात्र याच शाळेत दुसरीला होती.

सिंधुबाई वाकल्या. मिरचीचं एक रोप उचललं, मुळाची माती झाडली. मग फाटकापाशी गेल्या. बांबूवर लाल ऑइलपेंटचा फराटा होता आणि त्याचा एक ओघळ खाली येऊन वाळला होता.

ऑफिसात हरिओम त्यांची वाट बघत बसला होता. हरिओम लातूरचा. शाळांना अनुदानाचे प्रस्ताव लिहून द्यायचे आणि मंजुरी आली की आपला वाटा कापून घ्यायचा, हा त्याचा धंदा. तालुक्यातले निम्मे मुख्याध्यापक त्याच्याकडूनच लिहून घेत. बाईंनी त्याला दारातूनच वाटेला लावलं होतं, आणि ते त्याला झोंबलं होतं. काल तो अमृतरावांकडे पुरणपोळी खायला म्हणून आला आणि मुक्कामाला राहिला.

"लई वाईट झालं, मॅडम," तो रुमालाने बोटं पुसत म्हणाला. खोलीत पेट्रोलचा वास भरला होता. "गाडीची टाकी गळून राहिली माझ्या. जाऊ द्या. मी काय म्हणतो, अजून वेळ हाय."

"कशाला?"

"माझ्याकडं दुसऱ्या शाळांच्या बागांचे झकास फोटो हायत. ट्रस्टच्या बाईला मी सांभाळतो, फाईल तेवढी माझ्या हातात द्या. न्हाईतर हे उजाड रान दाखवून काय मिळणार तुम्हाला?"

"बैल तुम्ही बघितला का?"

"हाव, ह्या डोळ्यांनी! अमृतरावांच्या वसरीवर एकटाच बसलो होतो. आरडाओरडा ऐकून रस्त्यावर आलो, तर शेषेरावाचा बैल. अंगावर झूल, लाल रंगवलेली शिंगं. शिंगानं फाटक उचकटलं अन् घुसला आत."

"तो शेषेरावाचाच, हे तुम्हाला कसं कळलं?"

"माणसं नाव घेऊन ओरडत होती की."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. ह्या माणसाचे पाय धरण्यापेक्षा शाळेला स्वतःच्या हाताने कुलूप लावलेलं परवडलं, असं त्यांच्या मनात आलं. त्या उठल्या.

"फाईल माझ्यापाशीच राहील. ट्रस्टच्या बाई येईपर्यंत थांबा. जे बघितलं ते त्यांनाही सांगा."

"सांगतो की," हरिओम म्हणाला.

शेषेरावाच्या घरी सगळं सुनं सुनं होतं. गावात दारोदारी कालची आंब्याची तोरणं होती, ह्या दाराला साधं पानसुद्धा नव्हतं. बायको डबा धुवून त्यात वाटीभर शेंगदाणे घालत होती.

"शेजारच्या लक्ष्मम्माचा डबा हाय," ती म्हणाली. "काल पुरणपोळ्या धाडल्या तिनं. पोरीच्या तोंडाला सण लागला तेवढाच. रिकामा कसा द्यावा?"

शेषेराव गोठ्याच्या तोंडाशी बसला होता. तो उठला नाही.

"भरपाई मागायला आलाव, मॅडम?"

"विचारायला आले. बैल सुटला होता?"

"सुटला होता. मिरवणुकीत समद्यांच्या मागं होतो मी. मारुतीला तेवढं नेऊन आणावं म्हणलं. फटाके वाजले अन् गेला."

"कुठं सापडला?"

"ओढ्याच्या पल्याड, चिंचेखाली. थरथर कापत होता."

"वाटेत शाळा लागते."

"लागते. शाळेत शिरला न्हाई, हे मी कोणत्या तोंडानं सांगू? माझं कोण ऐकंल? बांधासाठी भांडलो, हे खरं हाय. पुन्हा बी भांडंन. पण माझी नात रोज त्या मिरच्यांना पाणी घालते, मॅडम."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच त्याला राग आला. बाई पुढे झाल्या. गोठ्यात देवणी जातीची बैलजोडी रवंथ करत होती. पळालेला बैल त्याने बोटाने दाखवला. बाईंनी त्याच्या कपाळावरून हात फिरवला, काळ्याभोर शिंगांवरून फिरवला आणि त्या हसल्या.

"शेषेराव, बागेपाशी या. बैल घेऊन या."

"गावासमोर? शेण घालतील तोंडात."

"कोण घालतो ते मी बघते."

ट्रस्टच्या तनुजा मॅडम देवणीहून ऑटोने आल्या. तरुण होत्या, पायांत बूट होते आणि चेहरा कमी बोलणाऱ्यातला होता. अमृतराव त्यांना चहाच्या नावाखाली ऑफिसकडे वळवत होते. सिंधुबाई मध्ये आल्या.

"चहा नंतर. आधी बाग बघा."

तनुजा बघत राहिल्या. "हे काय?"

"काल संध्याकाळपर्यंत बाग होती. कुणीतरी मोडली. कुणी, ते आता तुमच्यासमोरच उघड होऊ द्या."

"बैलानं, मॅडम!" अमृतराव कळवळून म्हणाले.

"बैलानं?" बाईंनी मिरचीचं रोप उचललं. "अमृतराव, तुम्ही जन्मभर ढोरं राखली. बैल पाला ओरबाडतो, बुंधा जमिनीत राहतो. ही रोपं मुळासकट निघालीत. अन् कोणता बैल मिरची उपटत बसतो? तिकडं बघा. हिरवागार मका. बैल शिरला असता तर पहिलं तोंड कशाला लावलं असतं?"

अमृतरावांनी मक्याकडे पाहिलं. जमलेल्या माणसांतून कुजबुज उठली.

"मका का वाचला? पुरुषभर वाढलाय, मुळं घट्ट. घाईत हातानं उपटत न्हाई. बाकीचं उपटतं. हे हातांचं काम हाय."

"पण फाटकाला शिंगाचा रंग हाय," हरिओम मागून म्हणाला. "मी स्वतः बघितलं."

"हाव. सांगा ना मॅडमना, काय बघितलं?" सिंधुबाई म्हणाल्या.

हरिओमने सगळं पुन्हा सांगितलं. झूल, लाल शिंगं, फाटक, सगळं.

तेवढ्यात शेषेराव बैल घेऊन आला. बैलाच्या अंगावर झूल नव्हती, गळ्यात घुंगरू नव्हते. शिंगं काळीभोर होती. रंगाचा एक ठिपकासुद्धा त्यांच्यावर नव्हता.

अमृतरावांनी कपाळावर हात मारून घेतला. "आरं तिच्या! म्हातारी आखाडात गेली की ह्याची! वर्ष सरलं न्हाई. ह्याच्या घरी सणच न्हवता! मी बँडवाल्यांच्या नादात पुढं, हा पार मागं. ध्यानातच आलं न्हाई."

"आईच्या दुखवट्यात बैल कोण सजवतं?" सिंधुबाई म्हणाल्या. "पुरणपोळीसुद्धा शेजारच्या घरून आलेली. पण वसरीवर बसलेल्या पाहुण्याला हे कसं कळावं? त्यानं नुसतं नाव ऐकलं, शेषेरावाचा बैल सुटला. पोळ्याच्या दिवशी बैल म्हणजे शिंगं रंगवलेलाच असणार, हे धरून चालला. गाव ओढ्याकडं धावलं अन् हा बागेत शिरला. अमृतराव, तुमच्या वसरीवर काय होतं काल?"

"रंगाचा डबा," अमृतराव हळूच म्हणाले. "लाल. उघडाच राहिला होता."

"शिंग घासलं की रंग पुसट लागतो, मॅडम," सिंधुबाई तनुजांना म्हणाल्या. "ओघळत न्हाई. अन् शिंगं सकाळीच रंगवलेली, संध्याकाळपर्यंत वाळलेली. हा ओघळ ओल्या रंगाचा. हरिओम, हात दाखवा."

"पोळ्याला कुणाच्याबी हाताला रंग लागतो!"

"लागतो. तुम्ही कोणता बैल रंगवला?"

हरिओमने हात पाठीमागे नेले, पण सगळ्यांना दिसलंच. त्याच्या नखांच्या कडा लाल होत्या. पेट्रोलने बोटांवरचा रंग गेला होता, नखांतला गेला नव्हता.

"माझ्या पोटावर पाय दिला ह्या बाईनं!" तो एकदम ओरडला. "हिला माझ्याबिगर अनुदान मिळालं, तर उद्या समदे आपापलेच लिहायला लागतील. मी काय करू मग?"

"तेच व्हायला पाहिजे," सिंधुबाई कडाडल्या. "मीच शिकवते एकेकाला. शनिवारी शाळा सुटली की या म्हणावं. आता पोलिसांना काय सांगायचं ते गाडीवर बसून ठरवा."

अमृतराव स्वतः त्याला दंडाला धरून घेऊन गेले. घरी जेवलेल्या पाहुण्याची लाज त्यांच्या तोंडावर दिसत होती. जाताना शेषेरावापुढे ते थांबले. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले.

शेषेराव बैल घेऊन निघून गेला. तनुजा कागद काढून उभ्या होत्या.

"झालं ते वाईट झालं, बाई. पण बागेची सद्यस्थिती, असा रकाना आहे. मला खरं लिहावं लागेल."

"खरंच लिहा. मला दुसऱ्यांचे फोटो दाखवायचे असते तर तुम्हाला इथवर आणलं नसतं."

"मग काय लिहू?"

बाई तुडवलेल्या वाफ्यांकडे वळल्या. एवढ्यात फाटकाशी घुंगराविना पावलं वाजली. शेषेराव पूर्ण जोडी घेऊन आला होता. खांद्यावर जू, मागे कुळव, आणि कुळवाच्या मागे त्याची नात व शाळेची झाडून सारी पोरं, कुणाच्या ओंजळीत मेथीचं बी, कुणाच्या हातात घरच्या वाफ्यातली मिरचीची रोपं.

"व्हा बाजूला, मॅडम," शेषेराव म्हणाला. "मातीत जीव हाय अजून. अन् बांधाचं माझं म्हणणं मी सोडलेलं न्हाई, बरं का!"

"सोडू नका. सावकाश भांडू," सिंधुबाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला आणि तनुजाकडे वळल्या. "लिहा, पेरणी चालू हाय."

तनुजांनी तेच लिहिलं. त्याखाली शिफारशीची सही केली, कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि बूट काढून वाफ्यात उतरल्या.