न फुटणारं नाव

समोर काठोकाठ पाणी, घशाला कोरड, तरीही एक घोट घ्यायला तयार नाही, असा पाहुणा तुम्ही कधी पाहिलाय? शलाकाच्या दारी असाच एक आला होता, आणि तोही दुसऱ्या ग्रहावरून.

लोणार सरोवराच्या वरच्या कड्यावर शलाकाच्या रुक्माआत्याची वेधशाळा (आकाशातल्या गोष्टींचा अभ्यास करण्याची जागा) होती. सुट्टीत शलाका तिथेच असे. खाली पाणी, वर आकाश आणि मधे वाळत घातलेल्या आत्याच्या साड्या, असा तो सगळा कारभार. त्या दुपारी साड्यांच्या आडून गुडघ्याएवढा एक धुक्याचा गोळा हळूच पुढे आला. त्याला धुक्याचेच हातपाय होते आणि पोटात निळसर उजेड होता. त्याने आपले नाव सांगितले, नियू. त्याच्या गळ्यात दुभाषी यंत्र (एका भाषेतले बोलणे दुसऱ्या भाषेत सांगणारे यंत्र) होते, पण त्या यंत्राला पृथ्वीवरची एकच भाषा येत होती, इंग्रजी. म्हणून त्याच्याशी सगळे बोलणे इंग्रजीतच झाले. आपण ते मराठीत ऐकू, कामाचे शब्द तेवढे जसेच्या तसे ठेवू.

नियूचा उजेड मंद होत चालला होता. आत्याने त्याच्यावर एक यंत्र धरले आणि तिचा चेहरा उतरला.

"वाळून चालला वं हा. त्याले पाणी पाज लवकर. दिवस बुडेपर्यंत नाही प्याला, तर हा उजेड विझून जाईल."

शलाका धावत लोटा घेऊन आली. नियूने लोट्यात डोकावून पाहिले, पण हात लावला नाही.

"आमच्याकडे नाव घेऊन विचारल्याशिवाय कुणी काही घेत नाही," तो म्हणाला. "याचं नाव काय?"

"वॉटर."

"आणि त्या माठातल्याचं?"

"तेही वॉटर."

"आणि खाली पसरलंय ते?"

"तेसुद्धा वॉटरच."

नियू मागे सरकला. "सगळ्यांचं एकच नाव कसं असेल? तू मला फसवतेस."

शलाकाने मग आपल्या परीने शक्कल लढवली. "बरं बाबा, या लोट्यातल्याचं नाव मैना." नियू एकदम खुलला. "मैना, तुला पिऊ का?" असे विचारून त्याने ओंजळ भरली. बोटांच्या फटींतून थेंब गळले आणि तो थबकला. याचं नाव काय? आणि याचं? शलाका नावे देत सुटली. थेंब काही संपेनात, नावे मात्र संपली. नियूची ओंजळ रिकामी झाली, आणि एव्हाना तो पार राखाडी दिसू लागला होता. शलाकाला रडूच आले.

"आत्या, हा असं का करतो?"

"त्याच्या भाषेत सगळी विशेषनामंच दिसतात," आत्या म्हणाली. विशेषनाम (एकाच व्यक्तीचे किंवा जागेचे खास नाव) म्हणजे इंडिया, लोणार, शलाका. "त्यांच्याकडं प्रत्येक पानाले वेगळं नाव, प्रत्येक लाटेले वेगळं. एका नावात पुष्कळ जण मावतात, हे त्याले कोणी शिकवलंच नाही."

शलाकाने फ्रॉकला डोळे पुसले. "मग मी शिकवते."

कड्यावर शेळ्या चरत होत्या. "ती बघ, ती चंद्री. शेजारची बाहुली. ही त्यांची एकेकीची नावं. पण दोघीही गोट. त्या पलीकडचीला मी ओळखत नाही, तरी तीही गोट." असे साऱ्या जातीला मिळून असलेले नाव म्हणजे सामान्यनाम. "आणि सगळ्या एकत्र आल्या की हर्ड. खेळणाऱ्यांची टीम असते ना, तसं." घोळक्याला मिळून दिलेले हे नाव म्हणजे समूहवाचक नाम.

"हर्ड म्हटलं की चंद्री हरवते?" नियूने घाबरत विचारले.

शलाकाने चंद्रीला हाक मारली. चंद्रीने लगेच मान वळवली. बाहुलीलाही हाक मारली, पण तिने काही मान वळवली नाही, ती पहिल्यापासून आगाऊच.

नियूला थोडे पटले. "पण गोट फुटत नाही. वॉटर फुटतं. आमच्याकडे एखादी गोष्ट फुटली, की तिचं नाव मरतं. मग आम्ही सगळे रडतो."

आता कुठे शलाकाला खरी अडचण कळली. तिने लोट्यातले पाणी दोन वाट्यांत ओतले. "हे फुटलं." मग दोन्ही वाट्या परत लोट्यात रिकाम्या केल्या. "हे जुळलं. आधी वॉटर, मधे वॉटर, आताही वॉटर. कारण हे एका थेंबाचं नाव नाही, थेंब ज्याचा बनलाय त्याचं आहे. मिल्क, गोल्ड, वॉटर. कितीही तुकडे कर."

"पदार्थवाचक नाम," आत्या हळूच म्हणाली.

सूर्य समोरच्या कड्याला टेकला होता. नियूने लोट्यात पुन्हा डोकावून पाहिले. "न फुटणारं नाव," तो पुटपुटला. मग त्याने लोटा उचलला. "वॉटर, तुला पिऊ का?"

तो घटाघटा प्याला. पोटातला निळा उजेड असा काही फुलला, की वाळत घातलेल्या साड्याही निळ्या दिसू लागल्या. शलाकाच्या जिवात जीव आला.

"माझ्या आत हे काय झालं?" नियू म्हणाला. "दिसत नाही, हाताला लागत नाही."

"जॉय," शलाका म्हणाली. आत्याने समजावले, की मनाला कळणाऱ्या पण हाती न लागणाऱ्या गोष्टीचे नाव म्हणजे भाववाचक नाम.

"तुझ्या आतही जॉय आहे? तोच?"

शलाकाने विचार केला. "नाव एकच आहे. तोच की वेगळा, ते मला नाही सांगता येत."

"घरी गेल्यावर सांगेन," नियू म्हणाला, "की लाट फुटली म्हणून रडायचं नाही." आणि तो सरोवरावरच्या संध्याकाळच्या धुक्यात मिसळून वर वर निघून गेला.

सकाळी शलाका एकटीच खाली काठावर जाऊन उभी राहिली. एक लहानशी लाट तिच्या पायांशी आली. आजवर ते तिच्या लेखी नुसते पाणी होते.

"मैना," शलाका तिला म्हणाली. लाट फुटली. मागून दुसरी आली, तिला तिने वेगळे नाव दिले.

"काय करून राहिली वं?" आत्याने वरून विचारले.

"लाटांना नावं देते."

"दमशील. लय आहेत त्या."

"असू दे," शलाका म्हणाली. वर कुठेतरी, खूप दूर, कुणीतरी पहिल्यांदाच न रडता लाट फुटताना पाहत असेल, असे तिला वाटले. "एखादं नाव फुटलंच, तर खाली वॉटर आहे की."