चेंडू पोचेपर्यंत

दुपारची जेवणं उरकली होती. आई चाकांच्या खुर्चीत माझ्या शेजारी पेंगत होती आणि मी एका गेमचं काम हातावेगळं करत बसले होते. काम तसं साधंच. पडद्यावरची बाहुली पळणाऱ्या गड्याकडे चेंडू फेकते. गडी आत्ता आहे तिथे फेकून उपयोग नाही, चेंडू पोचेपर्यंत तो पुढे गेलेला असतो. म्हणून त्याचा वेग आणि दिशा बघून तो कुठे असेल याचा अंदाज बांधायचा. त्या जागी लाल खूण उमटते आणि बाहुली तिथे फेकते.

हे मला कुठल्या कॉलेजात नाही, दादाने शिकवलं. मागच्या अंगणात. "अगं वेंधळे, मी आहे तिथे नको, मी असेन तिथे टाक!" तसं टाकलं की हा लबाड टाकीपाशी गर्रकन मागे फिरायचा. तापाचं निमित्त झालं आणि गेला. त्याला आता जमाना झाला. गेममधलं मैदानही मी त्या अंगणासारखंच केलं होतं. पायऱ्या, टाकी, वाकडं फाटक.

गडी अजून मैदानात घातलाच नव्हता. तरी लाल खूण हलली.

काहीतरी चुकलं असणार म्हणून मी सगळं पुन्हा तपासलं. काहीच चुकलं नव्हतं. खूण फाटकापासून पळत निघाली, बाहुलीने चेंडू फेकला, आणि टाकीपाशी खूण गर्रकन मागे फिरली. चेंडू वाया. मला आधी हसू फुटलं, मग मी खुर्ची मागे सरकवली.

"आला वाटतं," आई म्हणाली. ती टक्क जागी होती.

"कोण गं?"

"बघ की... किती घामाघूम झालाय."

खिडक्या बंद होत्या, तरी खोलीत ओल्या मातीचा वास येत होता. खरं सांगते, मला ते थांबववेना. दादा पळत होता आणि मी पुन्हा लहान झाले होते.

मग पायऱ्यांपाशी दुसरी खूण उमटली. आधी हळू, मग झपझप पहिलीकडे निघाली. आईचे पाय जाऊन कित्येक वर्षं झाली, पण आम्हाला जेवायला बोलवायला येणारी ती चाल मी लाखात ओळखली असती. आणि खूण म्हणजे माणूस आत्ता आहे ती जागा नव्हे. थोड्या वेळाने असेल ती.

"आई... माझ्याकडे बघ..."

तिने पडद्याकडे हात लांब केला होता. मी वायर उपटली. पडदा काळा झाला.

"बंद कशाला केलंस?" ती रडवेली झाली. "येते म्हणाले होते मी त्याला."

"दादा, नको रे," मी म्हणाले. "मला आता हिच्याशिवाय कुणी नाही."

मी आईचा हात धरून छातीशी घेऊ लागले. तो जेमतेम वीतभर आला. मग पडद्याच्या बाजूने कुणीतरी तो परत ओढला. अलगदच, पण सोडत नव्हतं.