सहा दिवसांत बसवलेला दात

दवाखान्याच्या जिन्यावरून टपटप उड्या मारत काहीतरी खाली आलं आणि तिच्या चपलेपाशी थांबलं. तिने उचलून पाहिलं. पुढचा दात!

वरच्या पायरीवर एक तरुण तोंडावर रुमाल धरून, काखेत क्लॅरिनेटची पेटी सावरत उभा होता.

"माझा आहे... द्या ना."

तिने दिला नाही. माणसाचा चेहरा पाहायचा सोडून ती दातच उजेडात फिरवत बसली. तिचाही दोष नव्हता. दंतवैद्य मामाच्या दवाखान्यामागच्या खोलीत ती नकली दात घडवायची. सगळे तिला दातवालीच म्हणत. आणि हा दात सुरेख होता. तिला जरा हेवाच वाटला.

"कोणी केला?"

"परदेशात, एका डॉक्टरबाईंनी. इथल्या निम्म्या खर्चात! आणि काय हलका हात हो त्यांचा... बोलणं तर इतकं गोड..."

"दात पडलाय तुमचा," ती म्हणाली. "गोडाचं पुढे बघू."

मामाने तपासलं. दात पडणं हे नुसतं निमित्त होतं. हिरडीच्या आतला स्क्रूच डुगडुगत होता आणि भोवती पू झाला होता. स्क्रू बसवला की हाडाने तो घट्ट धरेपर्यंत तीन-चार महिने थांबावं लागतं, जसं नव्या रोपाला मूळ धरू द्यावं लागतं. पण याचं परतीचं तिकीट आधीच काढलेलं! म्हणून बाईंनी सहा दिवसांत स्क्रूही बसवला, वर दातही चढवला आणि हसून निरोप दिला. घरी गेल्यावर दुखलं तर जायचं कोणाकडे, हे ना त्यांनी सांगितलं, ना याने विचारलं.

मामाने स्क्रू काढला. दर गुरुवारी तपासणीला यायचं ठरलं. तपासणी पाच मिनिटांची; पण तो मागच्या खोलीतल्या स्टुलावर तासभर रेंगाळू लागला. नव्या दाताचा रंग जुळवायला ती नमुन्यांची पट्टी त्याच्या ओठांपाशी धरायची.

"हसा."

"कोणाकडे बघून?"

"खिडकीकडे."

तो तिच्याकडेच बघून हसायचा... आणि रंग काही केल्या जुळायचा नाही.

तेवढ्यात त्याचा फोन वाजायचा. "बाई विचारतायत, दुखतं का अजून."

"किती ती काळजी!" म्हणत ती मेणाचा दात असा खरवडायची की बाहेरून मामा ओरडायचा, "अगं, दात करतेस की पेन्सिलीला टोक काढतेस?"

एका गुरुवारी तो धावतच आला. "बाई म्हणतायत, या! आठ दिवसांत नवा बसवून देते, फुकट. दोन महिन्यांनी मोठा कार्यक्रम आहे, वाद्यवृंदात मुख्य वादकाची पहिली खुर्ची मिळालीय मला. पुढच्या दाताशिवाय क्लॅरिनेट वाजवता येत नाही; इथे थांबलो तर ती दुसऱ्याला जाईल."

"मग जा की! वाट बघत असतील."

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. धोका तिला दिसत होता. पण सांगितलं तर तो म्हणणार, जळते ही. आणि जळत तर होतीच ती! शहाणपण कुठे संपतं आणि जळणं कुठे सुरू होतं, तिचं तिलाच कळेना.

"जाऊ नका," ती शेवटी म्हणाली. "हाड अजून भरलेलं नाही. पुन्हा घाई केलीत तर स्क्रू बसवायला हाडच उरणार नाही. मग एक कार्यक्रम काय, वाजवणंच सुटेल. हवं तर मामाला विचारा."

"विचारलं. तेही हेच म्हणाले." त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. "पण ते इतके लाल झाले नव्हते... मला नक्की कोण अडवतंय? दातवाली, की —"

"दोघी," ती पुटपुटली.

तो पेटीवरून हात फिरवत स्टुलावर बसला. खुर्ची गेल्याचं त्याला लागलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्याने फोन काढला, काहीतरी लिहिलं आणि तिच्यापुढे धरलं — 'येणार नाही. इथेच उपचार घेतो आहे. आभार' आणि पुढे एक गुलाबाचं फूल.

"फूल कशाला?"

"अहो, सभ्यपणा म्हणून!"

"सभ्यपणाला पूर्णविराम पुरतो."

त्याने निमूटपणे फूल खोडलं, पूर्णविराम दिला आणि स्टूल तिच्या आणखी जवळ ओढलं.