जानकीच्या बशीतली भरती

सत्तावन्न साली मी वेंगुर्ल्याहून रेडीकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका किनारी गावात शिक्षक होतो. मी मूळचा सांगलीकडचा. नोकरीवर रुजू झालो त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला, आणि पुढे तो रोज वर्गाच्या खिडकीतून दिसत राहिला.

हिवाळ्यात सातवीला बाष्पीभवन शिकवायचं होतं. शाळेत प्रयोगशाळा नव्हती, पण ऊन होतं आणि समुद्र होता. मुलांनी घरून एकेक बशी आणली, समोरच्या पुळणीवर जाऊन पाणी भरलं आणि बशा खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडल्या. पाणी वाफ होऊन हवेत जाईल आणि मीठ मागे राहील, एवढाच धडा होता.

थोड्या दिवसांत बशांच्या तळाशी पांढरे कण दिसू लागले. मुलं बोट लावून चाटून बघत होती. तेवढ्यात जानकी उभी राहिली.

“गुरुजी, माझ्या बशयेतला पाणी वाढला.”

वर्ग हसला. मी म्हणालो, “कुणीतरी ओतलं असेल.”

“नाय गुरुजी. कोणी हात लावूक नाय.”

जानकी खोटं बोलणारी मुलगी नव्हती. तिचे वडील हरिश्चंद्र गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. गेल्या शिमग्यानंतर मंगलोरहून कौलं भरून निघालेलं त्यांचं गलबत वेंगुर्ल्याला पोचलंच नाही. एक फळकूटही कुठे लागलं नाही. तेव्हापासून ही मुलगी कमी बोलायची. म्हणून मी तिला रागावलो नाही. बशी काचेच्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी काठापर्यंत आलेलं होतं. दुपारी पाहिलं तर तळाला थेंबभर उरलं होतं.

रविवारी मी शाळा उघडून कपाटासमोर खुर्ची टाकून बसलो. पाणी उतरत होतं ते डोळ्यांना दिसत होतं. मागे मिठाचा ओला पट्टा उघडा पडत गेला. त्यावर बारीक वळ्या होत्या, ओहोटीनंतर वाळूवर असतात तशाच. मग बराच वेळ काही हललं नाही. आणि मग त्या थेंबाच्या कडेला एक रेघ चमकली, पुढे सरकली, मागे गेली, पुन्हा थोडी जास्त पुढे आली. पाणी परत येत होतं. कुठून, ते सांगता येत नाही. बशीला तडा नव्हता, कपाट कोरडं होतं.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. समुद्र पार आत गेलेला होता, खडक उघडे पडले होते. बशीत मात्र भरती चढत होती.

पुढचे दिवस मी दोन्हीकडे लक्ष ठेवलं. समुद्राची वेळ रोज थोडी पुढे सरकते, तशी बशीचीही सरकत होती. पण दोन्ही भरत्यांची गाठ कधी पडली नाही. बशीतली भरती नियमानं येत होती, पण ती आमच्या किनाऱ्याची नव्हती. हे ध्यानात आलं तेव्हा मला भीती वाटली नाही. देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहिल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तसं झालं. त्या कपाटाजवळून जाताना मी पावलं हळू टाकू लागलो.

त्याच सुमारास हरिश्चंद्रांच्या थोरल्या भावानं, धोंडूनं, देहाऐवजी दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकायचं ठरवलं. माणूस वाईट नव्हता. “भाव माझो अधांतरी आसा, गुरुजी, तेका वाट मिळाक व्हयी,” असं मला सांगताना त्याचे डोळे भरले होते. पण क्रिया झाली की सुभद्रेला, जानकीच्या आईला, कुंकू पुसावं लागणार होतं.

क्रियेच्या आदल्या दिवशी दुपारी सुभद्रा शाळेत आली. मागोमाग धोंडू होता. जानकीनं घरी सगळं सांगितलं होतं. मी कपाट उघडून बशी टेबलावर ठेवली. नुकती भरती लागली होती.

सुभद्रेनं खूप वेळ पाहिलं. मग विचारलं, “ही भरती हयची नाय?”

“नाही. इथल्या समुद्राशी जुळत नाही.”

“मग खंयची?”

“मला माहीत नाही.”

ती धोंडूकडे वळली. “भावजी, पुतळो करू नकात.”

“अगो, बशयेतला पाणी बघून?” धोंडू पुढे झाला आणि वाकला. आयुष्यभर समुद्रावर काढलेला माणूस तो. बशीच्या कडेला ती इवलीशी लाट आली, फुटली, मागे गेली. धोंडूनं डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडले.

क्रिया झाली नाही.

महिन्याभरानं एका सकाळी बशीतलं पाणी ओसरलं आणि परत आलं नाही. दुपार झाली तरी तळ कोरडाच होता. मी फळ्यावर गणित लिहीत होतो. जानकी बाकावरून उठली.

“गुरुजी, बाबा.”

मी खिडकीकडे वळलो. रेडीच्या बाजूनं एक माणूस पुळणीवरून चालत येत होता. समुद्रावर होडी नव्हती, शीड नव्हतं. त्याचे कपडे कोरडे होते.

जानकी धावली. त्यानं तिला उचललं नाही, नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभा राहिला.

हरिश्चंद्र परत आले. कुठे होते, ते त्यांना सांगता आलं नाही. “वाळू होती. माणूस कोण नाय,” एवढंच म्हणाले. गाव आनंदानं वेडं झालं. देवाला नारळ चढले.

आठवड्यानं मी त्यांच्या घरी गेलो. सुभद्रा पुढच्या अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. शेजारी चटईवर हरिश्चंद्र झोपले होते. तिचा डावा हात त्यांच्या छातीवर होता.

“बरं नाही का त्यांना?”

“हळू बोला, गुरुजी. ओहोटी आसा.”

मला समजलं नाही.

“ओहोटी लागली काय तेंचो श्वास थांबता,” ती म्हणाली. “भरती इली काय परत घेतत. पयल्या दिवशी भियालंय. आता सवय झाली.”

मी वाकून त्यांच्या नाकाशी हात धरला.

काहीच नव्हतं.

माडांच्या पलीकडे समुद्र पुरा भरलेला होता. लाटा बांधावर आपटत होत्या.

“बसा,” ती म्हणाली. “आता पाणी वळतला.”

मी बसलो. ती एका हातानं तांदळातले खडे वेचत राहिली.

मग तिची बोटं थांबली.

“इला,” ती म्हणाली.