गारव्याची भिशी

काचेच्या पलीकडे दोन डॉक्टर चहा पीत उभे होते आणि काचेच्या अलीकडे पल्लवी निमगडे सेहेचाळीस अंशांत घाम गाळत बसली होती. चंद्रपूरच्या उष्मा संशोधन केंद्रातला हा ताप-कक्ष. तिच्या पोटात गिळलेली एक गोळी आतड्यातलं तापमान बाहेरच्या पडद्यावर पाठवत होती, छातीवर तारा होत्या, दंडावर घाम मोजणारी पट्टी. रोजी बरी मिळायची, आणि काम काय, तर नुसतं बसायचं. "बसून खातो आपण, साहेबलोकासारखं," असं ती वस्तीत हसून सांगे.

कक्षातला ध्वनिवर्धक कायम चालूच असे. बाहेरचं सगळं तिला ऐकू येई. डॉक्टरांना ते ठाऊक होतं, पण समोरचं माणूस फक्त मोजायचं आहे असं एकदा ठरलं, की शहाणी माणसंही त्याच्यासमोर काहीही बोलतात.

"हिचा सहनांक ब्याऐंशी!" डॉ. आसावरी बर्वे कौतुकानं म्हणाल्या. सहनांक ही त्यांचीच कल्पना, त्यांचंच अपत्य म्हणा ना. "नाडी चढतच नाही हो हिची. आणि घाम बघा, बसल्या बसल्या सुरू."

डॉ. सोमलवार नागपूरहून नवीनच आले होते. नवीन होते म्हणून प्रश्न विचारायचे. "पण ही टिनाच्या घरात राहते ना? मीटरमधले पैसे संपले की पंखासुद्धा बंद. मग गारवा योजनेची वीज पहिल्यांदा हिलाच मिळायला नको?"

"इथंच तर सगळे चुकतात. गरिबी पाहून बिल भरायचं ठरवलं की खोट्या दाखल्यांचा पाऊस पडतो. म्हणून आपण देहालाच विचारतो. उन्हात दोन आठवडे काढले की देह बदलतो. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर फुटतो, भरपूर फुटतो, त्यातून मीठ कमी जातं, हृदयाला कमी धावावं लागतं. याला आपण तापसराव म्हणतो. ज्याचा सराव पक्का त्याचा सहनांक वर. घरातल्या कुणा एकाचा सहनांक चाळिसाच्या खाली आला, की त्या घराची उन्हाळ्याची वीज सरकारची."

"म्हणजे जो सोसतो त्याला काही नाही."

"जो सोसू शकतो त्याला लागत नाही. यात फरक आहे, सोमलवार."

सोमलवारांनी चहाचा घोट घेतला. "हा सराव पुन्हा जातो का?"

"जातो की. पंधरवडाभर गारव्यात राहिलं की गेला." बर्वेबाई हसल्या. "पण तेवढा गारवा परवडला असता, तर यांनी अर्ज कशाला केला असता?"

पल्लवीनं डोळे मिटले होते. त्यांना वाटलं, थकली.

थकतेय कसली! लालमाती वस्तीतल्या एकूणएक घराचा अर्ज नामंजूर झाला होता. सगळ्यांचे सहनांक सत्तरच्या वर. ज्यांनी जन्मभर ऊन अंगावर काढलं, त्यांची पाठ थोपटून सरकार म्हणालं, शाब्बास, असंच काढा पुढं! आणि पल्लवीची स्वतःची माय, रंजनाबाई, सत्त्याहत्तर. मागच्या उन्हाळ्यात नळावर चक्कर येऊन पडली होती ती. विचारलं तर म्हणाली, पाय घसरला. तेव्हा रात्रीसुद्धा टिन थंड होत नव्हतं. या वयात माय येणारा उन्हाळा काढेल का, एवढा एकच घोर पल्लवीला लागला होता. दुसरं कुणी नव्हतं तिला.

पल्लवी वस्तीतली भिशी चालवायची. चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचा नंबर निघेल त्यानं रक्कम उचलायची. इतकी वर्षं झाली, कधी एका पैशाचा घोळ नाही. तिनं सगळ्या बायांना बोलावलं. "पैशाची भिशी लय झाली," ती म्हणाली. "आता गारव्याची लावू."

आधी हसल्या सगळ्या. मग समजलं तेव्हा जवळ सरकून बसल्या. वस्तीत स्लॅबची खोली एकच, दीपाली लोनबलेची. तिथं एक जुना एसी, कुणाच्या तरी मोडीतून आणलेला. ठरलं असं, की प्रत्येक घरानं आपल्या मीटरमध्ये टाकायचे पैसे दीपालीच्या मीटरमध्ये टाकायचे. बाकी घरांचे पंखे बंद. एका खोलीत एसी रात्रंदिवस चालू. ज्या घराचा नंबर निघेल, त्या घरातलं एक माणूस पंधरवडाभर त्या खोलीत राहील, उंबरा ओलांडणार नाही, आणि मग थेट केंद्रात जाऊन चाचणी देईल. चाचणी झाली की खोली त्याच दिवशी पुढच्याला. एका रात्रीची सूट नाही. "भिशीत नातं नाही पाहत बाप्पा," पल्लवीनं बजावलं.

पहिलीच चिठ्ठी निघाली निमगड्यांची. रंजनाबाईंनी ती परत डब्यात टाकली. "चाळीस वर्सं भट्टीवर इटा वाहल्या म्या. भर उन्हात मुकादम सावलीत बसे, अन् मी त्याच्यासमोरून गाणं म्हणत जाओ. मले कायले पायजे हवा? दुसऱ्याले द्या आधी." बाया हसल्या. पल्लवीचं मात्र डोकं फिरलं. पण मायपुढं कोणाची टाप होती?

माघ सरता सरता पहिला गेला तो दीपालीचा सासरा. बाहेर आला तो अडतीस घेऊन. वस्तीत चक्क पेढे वाटले! त्यानंतरचा छत्तीस, मग पस्तीस, मग चौतीस. चारही घरं मंजूर. केंद्रातून संदेश आला, अभिनंदन, आपण गरजू आहात. वीज मात्र आली नाही. विचारायला गेलं की सांगत, आदेश वर गेलाय, येईल. ते चौघे आपापल्या टिनाखाली परत गेले. चैत्राचं ऊन हळूहळू चढलं, त्याबरोबर त्यांची अंगंही पुन्हा सरावली, आणि ते वाट पाहत राहिले.

रंजनाबाईंचा नंबर लागला तेव्हा वैशाख भाजू लागला होता.

"माय, तुले माझी आण हाय," पल्लवी म्हणाली, तेव्हा कुठे ती खोलीत शिरली. पहिले चार दिवस नुसती कुरकुर. थंडी वाजते वं, हाडं दुखतात, इथं काय मुडदा ठेवून राह्यले का मले? दोन गोधड्या अंगावर घेऊन भिंतीला टेकून बसे. मग एक दिवस पल्लवी भाकर घेऊन गेली, तर माय झोपलेली. सूर्य डोक्यावर आला तरी झोपलेली. उठली तेव्हा लाजली. "एवढी झोप म्या तुह्या वेळच्या बाळंतपणातबी नाही घेतली, पल्लू." तिचे हात मऊ पडले होते. कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या होत्या. पल्लवी दारातच उभी राहून पाहत राहिली. साठ वर्षांत या बाईनं गार हवा कधी पाहिली नव्हती, आणि ती लेकीनं तिला दाखवली, याचा तिला कोण आनंद झाला.

चाचणीच्या दिवशी ताप-कक्षात बसल्यावर थोड्याच वेळात रंजनाबाईंची मान कलली. नाडी भराभर चढली. सोमलवारांनी धावत जाऊन त्यांना बाहेर काढलं. पडद्यावर आकडा आला, एकतीस. माय बाकावर आडवी पडून धापा टाकत होती आणि लेकीच्या डोळ्यांत सुखाचं पाणी होतं. एकतीस! आख्ख्या वस्तीत सगळ्यांत कमी. आता कोण नाही म्हणणार?

रिक्षातून उतरल्या तेव्हा पुढच्या नंबरची बाई अंथरूण घेऊन दीपालीच्या दाराशी उभी होती.

"पल्लवी, राहू दे ना मायले," दीपाली हळूच म्हणाली. "वीज येईपर्यंत राहू दे. कोणी काही नाही म्हणत."

पल्लवीनं मायकडे पाहिलं. खरंच कुणी काही म्हटलं नसतं. पण भिशी तिची, नेम तिचा. आज स्वतःच्या मायसाठी मोडला, तर उद्या कोणत्या तोंडानं दुसरीला उठवायचं? आणि उठली नाही एक जरी, तर मागे राहिलेल्या घरांनी काय करायचं? शिवाय मनात कुठेतरी हेही होतं, की ही काय साधी बाई आहे? भट्टीवरची बाई आहे. वीज दोन-चार दिवसांत येईलच.

तेवढ्यात रंजनाबाईंनीच आपली गोधडी काखेत मारली. "चाल वं, घरी. लोकायच्या हवेवर किती दिवस राहू?"

घरात टिन तापलेलं. मीटर रिकामा, पंखा बंद. पल्लवीनं ओली साडी दाराला बांधली, मायच्या डोक्यावर पाणी ओतलं, पाय बादलीत ठेवले. माय आपल्याच हातांकडे नवलानं पाहत होती. "मले हे काय होऊन राह्यलं वं? ऊन तर तेच हाय." पल्लवीला उत्तर माहीत होतं. तिनं मायच्या डोक्यावर आणखी पाणी ओतलं. मायचा जन्मभराचा सराव तिनंच पंधरवड्यात काढून घेतला होता.

तिसऱ्या दुपारी मायचा घाम थांबला. अंग कोरडं, तापलेलं. ताप-कक्षात इतके दिवस बसलेल्या पल्लवीला याचा अर्थ कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं मायला पाठीवर घेतलं आणि दीपालीच्या खोलीकडे धावली, दार बडवलं, आतल्या बाईनं ताबडतोब जागा दिली, एसी चालूच होता. त्या गारव्यात रंजनाबाई गेल्या. पल्लवीनं असा हंबरडा फोडला की वस्तीतलं कुत्रंसुद्धा जागच्या जागी थिजलं.

मायचे दिवस झाले आणि केंद्रातून बोलावणं आलं.

डॉ. बर्वेंची खोली थंडगार होती. त्या उठून उभ्या राहिल्या, पल्लवीचा हात हातात घेतला, पाण्याचा पेला पुढं केला. त्यांच्या डोळ्यांत खरंच दुःख होतं. बाई काही राक्षस नव्हत्या. "वीज वेळेवर मिळायला हवी होती," त्या म्हणाल्या. "त्याबद्दल मी वर कळवलंय. आता एकच विचारायचंय. वीटभट्टीवर काम केलेल्या बाईचा सहनांक एकतीस, हे जरा वेगळं वाटतं. मागच्या वेळी सत्त्याहत्तर होता. तुमच्या वस्तीतल्या इतर जुन्या नोंदींसारखी तीही चुकली असेल, यंत्रं नवीन होती तेव्हा. पण खात्री हवी. मधल्या काळात त्या कुठं गारव्यात राहिल्या होत्या का?"

सोमलवार खिडकीजवळ उभे होते. त्यांनी मान वर केली नाही.

पल्लवीनं पेला घट्ट धरला. हो म्हणावं, तर भिशी उघडी पडते. मग दीपालीचा सासरा, मागचे तिघे, सगळ्यांच्या मंजुऱ्या रद्द, वर फसवणुकीचा गुन्हा. त्यांची वीज आज ना उद्या येणार होती. माय तर गेलीच. निदान ती चार घरं तरी.

"नाही मॅडम," ती म्हणाली.

"मग भट्टीवर इतकी वर्षं?"

"नावालाच जाये. सावलीत बसून राहे." पल्लवीचा आवाज फाटला. मुकादमासमोरून गाणं म्हणत जाणारी माय तिच्या डोळ्यांपुढं उभी होती. "नाजूकच होती माझी माय. पहिल्यापासूनच. तिले ऊन सोसतच नोहतं."

बर्वेबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. "मग जुनी नोंद चुकलीच होती. ही नोंद धरता येईल." त्यांनी पडदा पल्लवीकडे वळवला, कौतुकाची गोष्ट दाखवावी तसा. "चाळीसची मर्यादा आम्ही अंदाजानं ठरवली होती. खरी मर्यादा कोणती, हे कळायला वाव नव्हता. आता बघा. तुमच्याच वस्तीतले चौघे, चौतीस ते अडतीस. आदेश अडकल्यामुळे त्यांना वीज मिळाली नाही, तरी एवढा वैशाख त्यांनी काढला. चौघेही ठणठणीत आहेत. एकतीसच्या तुमच्या आई मात्र नाही तगल्या. म्हणजे मदतीची खरी गरज एकतीसच्या आसपास सुरू होते. त्या चौघांना ती नव्हतीच."

पल्लवीला आधी समजलंच नाही. "म्हणजे त्यायची वीज?"

"मंजुऱ्या परत घेऊ. चूक आमची होती, त्यांना काही भरावं लागणार नाही." बर्वेबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्या आईमुळे कसोटी अचूक झाली, पल्लवी."

पल्लवीनं तोंड उघडलं. माय नाजूक नव्हती, चाळीस वर्षं विटा वाहल्या तिनं, सांगते तुम्हाला सगळं, असं ओरडावंसं वाटलं. पण सांगून काय होणार होतं? खरं सांगितलं तरी मंजुऱ्या जाणारच, वर म्हातारे तुरुंगात. खोटं सांगून तिनं मायला सावलीत बसवलं ते उगाचच. सोमलवारांनी एकदाच तिच्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. मग ते पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले.

ती पेला तसाच ठेवून उठली आणि उन्हातून चालत वस्तीत आली. दीपाली दाराशीच होती, सासऱ्याला भिंतीच्या बोटभर सावलीत बसवून पदरानं वारा घालत.

"का म्हणे वं मॅडम?" तिनं आशेनं विचारलं. "वीज कवा येते?"

पल्लवी तिच्याजवळ खाली बसली. तिच्या हातातला पदर घेऊन आता तीच म्हाताऱ्याला वारा घालू लागली.

"आपल्याले नाही लागत म्हणते," ती म्हणाली.